खिरीवरून झालेले पंथ

बौद्ध धर्मातले पंथ कसे निर्माण झाले यावर मी बोलावं, असं आमच्या विहारातल्या लोकांनी ठरवलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला कशावरच बोलायचा कंटाळा आला होता. रेल्वेच्या माल ऑफिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, बायको गेल्यापासून चहा एकट्यापुरता होतो, आणि दिवेलागणीनंतर कोणी ‘काका, जरा या’ म्हणालं की मला चप्पल सापडेनाशी होते. पण वर्षावास चालू होता. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं आणि आम्ही गृहस्थांनी रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा, ही आमच्याकडची रीत. रविवारी वाचनाऐवजी व्याख्यान असतं. चार पुस्तकं वाचलेला आणि घरी काही काम नसलेला म्हातारा विहारात एकच, त्यामुळे व्याख्यान माझ्याच माथी.

विषय दिसायला साधा होता. त्याच्यामागे काय शिजत होतं ते साऱ्या गुढियारीला, म्हणजे आमच्या वस्तीला, माहीत होतं. आमचे लोक दोन बाजूंना झाले होते आणि दोन्ही बाजूंना माझ्या तोंडून एकदा वदवून घ्यायचं होतं की खरे बौद्ध आम्हीच.

विहार म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत एक लांबट हॉल, पुढे पत्र्याचं छप्पर, वर पंचरंगी झेंडा. भंडारा-चंद्रपूरकडून आमचे बाप-आजे रेल्वेत आणि पुढे भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आले, इथंच राहिले. हा हॉल त्यांनीच सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधला. त्यांत माझ्या ताईचा नवरा होता. वॅगन दुरुस्तीच्या कामावरून आला की अंगावरचा तेलकट शर्ट न बदलता तो इथं चुना कालवायला यायचा. आता तो नाही. ताई आहे. माझ्याहून बरीच मोठी, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी कोणाला कळत नाही.

पौर्णिमेची वंदना ताईच सांगते. ती एक ओळ म्हणणार, मग साऱ्यांनी ती उचलायची. लग्न झालं तेव्हापासून हे चालू आहे. देवधर्म आम्ही सोडला, उपासतापास सोडले, मग तिच्याकडे उरलं काय, तर महिन्यातून एकदा हा हॉल भरून आवाज परत येणं. तिला दुसरं काही नको असतं. लेकानं नवी साडी आणली तर ठेवून देते. पौर्णिमेला कोणी आलं नाही तर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात उभी, “काहून रे, बिमार होता का?”

आणि भांडण नेमकं तिच्या नावानं सुरू झालं.

वैशाखी पौर्णिमेला सिरपूरकडून एक भंतेजी आले होते. वयस्क, शांत माणूस, हिंदी बोलणारे. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून भोजनदान साडेदहा-अकरालाच उरकायचं असतं. भात, वरण, भाज्या विहारात होतात. खीर मात्र ताईच्या घरून येते. ती तिच्याच पातेल्यात, तिच्याच हातची, यात कधी बदल झाला नाही. ताईचं घर रुळांच्या पलीकडे. त्या दिवशी ती मांडीवर पातेलं घेऊन ई-रिक्षात बसली आणि फाटक पडलं. मालगाडी आली, अर्धी गेली आणि उभी राहिली. मी जन्मभर मालगाड्या रवाना केल्या. ती अशी मध्येच का उभी राहते हे मी कोणालाही समजावून सांगू शकतो, आणि त्याचा त्या दिवशी कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

ताई पोचली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. फार नाही, थोडेच. भंतेजी पाटावर बसलेले. जेवण झालं होतं, खिरीसाठी पात्र पुढे ठेवून थांबले होते. ताई घामाघूम होऊन पातेलं घेऊन आली, वाकली. भंतेजींनी घड्याळाकडे पाहिलं, पात्रावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, “माताजी, अब केवल जल लूँगा।”

ताईनं पाणी दिलं, हात जोडले आणि खीर पोरांच्या पंगतीकडे नेली. पोरांनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं. मी तिच्या शेजारीच होतो. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. उलट म्हणाली, “बरं झालं, नाहीत दरसाल पोट्ट्याइले बुडाचीच भेटते.”

इथंच संपायला हवं होतं. पण ताईच्या लेकाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मागून कोणीतरी सांगितलं की तुझ्या आईची खीर परत केली. भाचा मोबाईलच्या टॉवरचं काम पाहतो, दिवसभर मोटरसायकलवर असतो, रागही मोटरसायकलसारखाच, एका किकमध्ये सुरू होणारा. तो आला तो सरळ गार्डसाहेबांसमोर. गार्डसाहेब म्हणजे माझा जुना मित्र, मालगाडीचा निवृत्त गार्ड, विहाराच्या कार्यक्रमांची वेळ सांभाळणारा. त्याच्याइतका वेळेचा पक्का माणूस मी पाहिला नाही. त्याच्या घरी पाहुणाही घड्याळ बघून उठतो.

“दो मिनट में क्या बिगड़ जाता, काका? मेरी माँ धूप में खड़ी थी।”

गार्ड म्हणाला, “टाईम म्हणजे टाईम. भंतेजीनं नियम पाळला, त्याइचं काय चुकलं? उशीर आपला झाला.”

“अपना नहीं, रेलवे का हुआ।”

“मंग रेल्वेशी भांड.”

लोक हसले, आणि ते हसणंच महागात पडलं. भाचा पुन्हा विहारात आला तो आठ-दहा जणांना घेऊन आणि एक शब्द शिकून. नवयान. आम्ही नव्या मार्गाचे लोक, आम्हाला कर्मकांड नको, बारा वाजले की सव्वाबारा हे धर्म ठरवत नाही, भिक्खूनं माणसाचा मान राखावा. गार्डच्या बाजूचे लोक तेवढ्यात दुसरा शब्द शिकले. थेरवाद. विनय म्हणजे विनय, थोरांनी घालून दिलेला भिक्खूंचा नियम, तो सैल केला की धर्म सांडला. मला दोघांचीही गंमत वाटायची, कारण वर्षभरापूर्वी यांतल्या कोणाला थेरवाद हा शब्द धड उच्चारता येत नव्हता. बऱ्याच घरांत पोरं मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. आता ती एकमेकांना पालीत शिव्या घालायला लागली होती. कोणी ‘सुत्त’ म्हणालं तर दुसरा लगेच ‘विनय’ म्हणायचा. बायकांनी एकमेकींकडे लोणच्याच्या बरण्या पाठवणं बंद केलं. हळदीकुंकू आम्ही कधीच सोडलं, पण लोणचं सोडलं नव्हतं, तेही सुटलं.

ताईनं लेकाला किती वेळा सांगितलं असेल, “मले काहीच वाटलं नाही रे. खीर त खतम झाली.” भाचा म्हणायचा, “आई, तू बहुत सीधी है, तुझे पता नहीं चलता।” आपल्या अपमानाची किंमत आपल्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त कळते, असा माणसांचा समज असतो. त्या समजापुढे मी हात टेकले आहेत.

तर व्याख्यान. ब्राह्मणपाऱ्यात, शहरातल्या जुन्या मोहल्ल्यात, एका मराठी घरातून मला पुस्तकं मिळतात. तिथले सद्गृहस्थ जातीनं ब्राह्मण, मनानं सरळ, आणि पुस्तक परत केलं नाही तर आठवण न करून देणारे. त्यांच्याकडून जाडजूड इतिहास आणले आणि दुपारी पंख्याखाली वाचत पडलो. वाचता वाचता मला हसू यायला लागलं, आणि मग हसायचाही थकवा आला.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर साधारण शंभर वर्षांनी वैशालीत भिक्खूंची मोठी सभा भरली, असं परंपरा सांगते. कशावरून? दहा गोष्टींवरून. शिंगात मीठ साठवून ठेवावं की नाही, ही पहिली. आजचं मीठ उद्यासाठी ठेवलं म्हणजे साठा केला का, यावर शहाणी माणसं कोसकोस चालत आली. दुसरी वाचून मी उठून बसलो: मध्यान्ह टळून सावली दोन बोटं पुढे सरकली, तरी जेवावं का. दोन बोटं! आमच्या फाटकावर मालगाडी उभी राहिली तेवढीच असेल ती सावली. पुढे दूध आहे, ना धड दूध ना धड दही अशा अवस्थेतलं, ते जेवणानंतर प्यावं का. आसनाला दशा, म्हणजे कडेचे सुटे धागे, असावेत का. सोनं-चांदी स्वीकारावी का, हेही आहे, ते निदान भांडण्यासारखं तरी आहे. सभेनं दहाही गोष्टी चूक ठरवल्या. आणि पुढं कधीतरी संघ फुटला. एका बाजूला स्थविर, म्हणजे थोर-वडील मंडळी. दुसऱ्या बाजूला महासांघिक, मोठ्या संघवाले.

पण फुटला तो याच गोष्टींवरून, हेही धड ठरत नाही. एका बाजूचे ग्रंथ म्हणतात, ढिलाई करणारे निघून गेले. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आम्ही कुठेच गेलो नाही, म्हाताऱ्यांनीच नियमात नवी भर घातली. तिसरीकडे लिहिलंय की भांडण नियमांचं नव्हतंच, ते अर्हतावरून होतं: मुक्त झालेल्या माणसाला शंका येऊ शकते का, त्याला दुसऱ्यानं सांगावं लागतं का. मग पंथातून पंथ. परंपरा अठरा म्हणते, नावं मोजायला बसलं तर जास्त भरतात. कोणी म्हणाले सारं काही अस्तित्वात असतं, भूत, वर्तमान, भविष्य, सगळं. कोणी म्हणाले व्यक्ती नावाचं काहीतरी मानावंच लागेल. आणि बरेचसे पंथ भांडून झालेच नाहीत. एक गट दक्षिणेला गेला, एक काश्मीरकडे, एक समुद्रापार. पाठांतर थोडं थोडं बदललं, बोली बदलली, गुरू बदलले. मोठ्या यार्डात एकाच गाडीचे डबे निरनिराळ्या दिशांना लागतात, तसं. डब्यांचं काही भांडण नसतं.

महायानाचं तर आणखी वेगळं. तो सुरुवातीला वेगळा संघही नव्हता. त्याच विहारात राहायचे, तेच विनयाचे नियम पाळायचे, फक्त वाचायचे वेगळे ग्रंथ आणि मनात ध्येय वेगळं. चिनी प्रवाशांनी लिहून ठेवलंय की कित्येक विहारांत दोन्ही मतांचे भिक्खू एकाच छपराखाली राहत. आमचं सिरपूर इथून काही फार लांब नाही. तिथल्या विटांच्या विहारांच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. छोट्या छोट्या खोल्या, मध्ये अंगण. कोणत्या खोलीत कोणत्या मताचा माणूस झोपत होता हे आता विटांना पाहून सांगता येत नाही.

हे सगळं मी त्या रविवारी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. शेवटी म्हणालो की विनयात संघभेदाची खूण अगदी साधी आहे: एका सीमेच्या आत राहणाऱ्यांनी उपोसथ, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येची सभा, वेगवेगळा केला, की फूट पडली. मतं वेगळी असणं म्हणजे फूट नव्हे. एकत्र न बसणं म्हणजे फूट. मला वाटलं, हे तरी कुणाच्या डोक्यात शिरेल.

सभा संपल्यावर गार्डनं माझा हात हातात घेतला. “मस्त बोलला. म्हंजे बारानंतर खाणं चूक, हे वैशालीतच ठरलं होतं. रेकॉर्डवर आहे.”

मी काही बोलायच्या आत भाचा आला. “मामा, मतलब मेजॉरिटी अलग हुई थी ना? महासंघ? बस, मेजॉरिटी तो अपनी है।”

मी पाणी प्यायलो. बोलणाऱ्यानं कितीही भरलं ताट पुढे केलं तरी माणूस आपल्याला हवी तेवढीच फोड उचलतो. ताई सगळ्यांत मागे सतरंजीच्या घड्या घालत होती. मला म्हणाली, “त्या मिठाचं मंग काय झालं रे?”

“कोनत्या मिठाचं?”

“शिंगातल्या. सभेनं चूक म्हटलं त फेकून देलं का त्याइनं?”

“पुस्तकात नाही लिहिलं.”

“मीठ फेकत नाही कोनी,” ती म्हणाली आणि घड्या घालत राहिली.

आता मला आमच्या विहारातल्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. भिक्खुसंघात ठराव कसा करायचे, तर एक जण ठराव मांडायचा आणि तीनदा विचारायचा. ज्याला मान्य आहे त्यानं गप्प राहावं, ज्याला मान्य नाही त्यानं बोलावं. तिसऱ्यांदा विचारूनही सगळे गप्प, तर ठराव पास. बोलणारा निघाला तर ठराव तिथंच थांबला. मी हे फार पूर्वी वाचलं आणि कमिटीच्या बैठकीत सांगितलं. लोकांना अतोनात आवडलं. आमच्याकडे प्रत्येकाला भाषण करायचं असतं आणि दुसऱ्याचं ऐकायचं नसतं. या पद्धतीत बैठक चटकन संपते. तेव्हापासून पंखा घ्यायचा असो, हॉलला कोणता रंग द्यायचा असो, सचिव तीनदा विचारतो, लोक तीनदा गप्प बसतात, आणि ज्याला पटलं नसेल तो बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन मनसोक्त बोलतो. तिसऱ्या वेळी आत कोणी बोललंय, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. हात वर करून मोजण्याची पद्धत असती तर बरं झालं असतं की वाईट, मला सांगता येत नाही. सचिव मीच होतो आणि अजूनही आहे, दुसरं कोणी होत नाही म्हणून.

वर्षावास संपल्यावरच्या रविवारी बैठक झाली. ठराव दोन्ही बाजूंनी मिळून दिला होता. इतक्या महिन्यांत त्यांनी मिळून केलेलं हे एकच काम. हॉलच्या मधोमध भिंत घालावी. आहे ती बुद्धमूर्ती पुढच्या बाजूला राहील, मागच्या बाजूचे लोक नवी आणतील. मागे वेगळं दार काढायचं. दोन कमिट्या, दोन वंदना. विटासुद्धा कोणाच्या तरी ओळखीनं येऊन गल्लीत पडल्या होत्या.

हॉल भरलेला होता, पौर्णिमेला भरत नव्हता इतका. मी उभा राहिलो आणि मला जाणवलं की या खोलीत कोणालाच भिंत नको आहे. गार्ड मान खाली घालून घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. भाचा मोबाईलकडे बघत होता, पण मोबाईलचा उजेड बंद होता. बायका एकमेकींकडे बघणं टाळत होत्या. सगळ्यांना वाटत होतं दुसऱ्यानं बोलावं. आपण बोललो तर आपल्या बाजूनं हार मानली असं दिसेल. आणि मी ठराव वाचणारा. वाचणाऱ्यानं मत द्यायचं नाही, हाही नियम मीच पुस्तकातून आणला होता. माझा जीव अगदी विटून गेला होता. होऊन जाऊ दे एकदाचं, असंही वाटत होतं, आणि होऊ नये, असंही. दोन्ही खरं होतं.

पहिल्यांदा विचारलं. पंख्याचा आवाज.

दुसऱ्यांदा विचारलं. बाहेर कोणीतरी भाजीवाला ‘ले लो भाजी’ करत गेला.

तिसऱ्यांदा मी शब्द शक्य तितके लांबवले. “ज्याइले मान्य आहे त्याइनं गप्प राहावं. ज्याइले मान्य नाही, त्याइनं बोलावं.”

“मले मान्य नाही.”

मागून आवाज आला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. ताई उभी राहिली नव्हती. तिला सतरंजीवरून उठायला वेळ लागतो. बसल्या बसल्याच पुन्हा म्हणाली, “मले मान्य नाही. ठराव माह्या खिरीवरून आहे ना? मंग मले पुसा. कोनी पुसलं? मी कोनाले म्हटलं का माहा अपमान झाला?”

भाचा उठला. त्याचा चेहरा पडला होता. “आई, तेरे लिए ही तो कर रहे हैं।”

“माह्यासाठी नको करू,” ताई म्हणाली. “माह्यासाठी पौर्णिमेले येऊन बस.”

मी म्हणालो, ठराव थांबला. दुसरं काय म्हणणार. त्या पद्धतीत त्याच्यापुढे काही बोलायची सोय नाही. लोक उठले. मला वाटलं आता कोणीतरी हसेल, कोणीतरी रडेल, गार्ड आणि भाचा एकमेकांकडे निदान बघतील तरी. कोणीच काही केलं नाही. चपला शोधून सगळे निघून गेले. आम्ही जिंकलो असं मी काही क्षण मानलं होतं, ते मला आजही आठवतं आणि स्वतःची कीव येते.

कार्तिक पौर्णिमेला मी सकाळी विहार उघडला. ताईनं मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली, पांढरी साडी सावरून आपल्या जागी बसली. आम्ही वाट पाहिली. कोणी आलं नाही. गार्डच्या लोकांनी एकाच्या गच्चीवर वंदना ठेवली होती, अगदी वेळेवर. भाच्याच्या लोकांनी नव्या कॉलनीतल्या कोणाच्या तरी पार्किंगमध्ये. दोन घरं तर अभनपूरला नातेवाइकांकडे निघून गेली होती, कोणाचंच तोंड बघायला नको म्हणून. भिंत झाली नव्हती. हॉल सलग होता, आणि त्यात आम्ही दोघं.

ताईनं सुरुवात केली. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची, सवयीनं, हॉलनं उचलावी म्हणून. मी उचलायचो. माझा आवाज फाटका. त्रिसरण झालं, पंचशील झालं, पुढची सगळी वंदना झाली, तिनं एकही ओळ गाळली नाही. मला रडू येत होतं आणि तिचा राग येत होता. संपल्यावर मी बोललोच.

“काय भेटलं तुले? भिंत होऊ देली असती त निदान दोन्हीकडं मानसं त असते. तू तिकडंबी बसली असती, इकडंबी बसली असती. आता काय हाये? मी थकलो ताई. मले नाही होत आता हे.”

 तिनं मेणबत्तीची वात चिमटीनं नीट केली. मग म्हणाली, “तू तं वाचते ना सारं. संघ म्हनायले कमीत कमी किती लागतात रे?”

“चार,” मी म्हणालो. “पण ते भिक्खूइसाठी. आपन गृहस्थ.”

“मंग आपल्याले त अजून कमी लागत असन.”

“ताई, थट्टा नको करू.”

“थट्टा काहून करू? चार त चार. दोघं आपन इथं बसून आहोत. दोनच कमी हायेत.” तिनं भिंतीला हात लावून उठायला सुरुवात केली. मी तिला धरायला गेलो तर तिनं माझा हात झटकला नाही, धरला आणि त्याच्या आधारानं उभी राहिली. “पयले गार्डाच्या घरी जाऊ. तो वेळेचा मानूस, आता जेवायले बसला असन. मंग माह्या पोट्ट्याकडं.”

“नाही आले त?”

“नाही आले त जेवून वापस येऊ. गार्डाची बायको जेवल्याबिगर सोडन का?”

मी मेणबत्त्या विझवायला वाकलो. तिनं नको म्हटलं. दारापाशी येऊन मी खिशातून कुलूप काढलं. ताई तोवर पायरी उतरून गल्लीत पोचली होती, त्या पडून राहिलेल्या विटांना एका हातानं धरत, हळूहळू. मागे न बघता ती म्हणाली, “कुलूप नको लावू. चौघाइले इथंच यायचं आहे.”